दुभाषी, परंतु एकमनी

संत गोन्सालो गार्सियाचे नाव उच्चारले की वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांपुढे एक क्रूस उभा राहतो आणि त्या क्रूसावरील देहात दोन बाजूंनी शिरणारे दोन भाले दिसू लागतात. वेदीवरच्या मूर्तींनी, सणाच्या पत्रिकांवरील चित्रांनी आणि आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांनी हेच दृश्य पिढ्यान्‌पिढ्या मनावर कोरले आहे. ते योग्यही आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर जे घडले, त्यामुळेच वसईच्या मातीला भारतभूमीत जन्मलेला पहिला संत लाभला. परंतु या दृश्याच्या तेजाने आपले डोळे किंचित दिपून जातात, असे आम्हांस वाटते. क्रूसावरचा गोन्सालो आपल्याला दिसतो. क्रूसापूर्वीचा गोन्सालो दिसत नाही. भाल्यांनी ज्याचा प्राण घेतला तो मनुष्य त्याच्या आदल्या वर्षी, त्याच्याही आदल्या वर्षी, रोज सकाळी उठून कोणते काम करीत असे? या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे आहे. तो दुभाष्याचे काम करीत असे.

संपूर्ण समर्पण, सर्वस्वाचे दान, तन-मन-धनाने केलेली सेवा हे शब्द आपल्या सभांतून आणि वार्षिक अहवालांतून इतक्या वेळा येतात की ते उच्चारताना जिभेला आता काही जाणवत नाही. ते शब्द ऐकताना श्रोत्याच्या मनात दोनच विचार येतात. एक म्हणजे, हे धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठी आहे, संसारी माणसासाठी नाही. दुसरा म्हणजे, प्राण देण्याची वेळ आली तर पाहू, आज दुकान उघडायचे आहे. हे दोन्ही गैरसमज दूर करण्याचे सामर्थ्य गोन्सालोच्या चरित्रात आहे. मात्र त्यासाठी ते शेवटच्या पानापासून नव्हे, तर पहिल्या पानापासून वाचावे लागते.

गोन्सालोचा जन्म वसईत सुमारे १५५६-५७ च्या सुमारास झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच, अशा घरात तो वाढला. म्हणजे दोन भाषा त्याला पाळण्यातच मिळाल्या. वसईच्या किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंनी त्याला शिकविले आणि त्यांच्याबरोबरच तरुणपणी तो जपानला गेला. तेथील भाषा त्याने लवकर आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून जेझुइटांच्या हाताखाली काम केले. आपणही त्यांच्या संघात यावे ही त्याची मनोमन इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पुढे तो व्यापारात शिरला आणि व्यापारात त्याला चांगले यश मिळाले. मालाची ने-आण करता करता तो मनिलाला जाऊ लागला, तेथे फ्रान्सिस्कन बंधूंशी त्याचा परिचय झाला, आणि एके दिवशी चालता धंदा सोडून त्याने संत फ्रान्सिसच्या संघाचा खडबडीत झगा अंगावर चढविला. तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधू म्हणून. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येणार नव्हते.

१५९३ साली फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बातिस्ता यांना आपला वकील म्हणून जपानचा सत्ताधीश टोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठविले. त्या मंडळीत धर्मबंधू गोन्सालो होता, कारण त्याच्याइतकी जपानी भाषा त्यांच्यापैकी कोणालाही येत नव्हती. हिदेयोशी म्हणजे साधा आसामी नव्हे. यादवीने फाटलेला जपान एका छत्राखाली आणणारा, कोरियावर सैन्य धाडणारा, क्षणात प्रसन्न आणि क्षणात संतप्त होणारा तो पुरुष होता. त्याच्यासमोर उभे राहून एका बाजूचे शब्द दुसऱ्या बाजूला पोहोचविण्याचे काम वसईच्या या मुलावर येऊन पडले.

दुभाष्याचे काम वरवर पाहता हलके वाटते. ना निर्णय त्याचा, ना युक्तिवाद त्याचा, ना यशाचे श्रेय त्याचे. संभाषण चांगले झाले तर वकिलाची स्तुती होते आणि बिघडले तर दुभाष्याकडे संशयाने पाहिले जाते. पण जरा खोलात जाऊन विचार करावा. दुभाष्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली म्हणजे त्याने बोलणाऱ्याचे संपूर्ण ऐकावे लागते. अर्धे ऐकून चालत नाही. दुसरी म्हणजे ऐकलेल्यात स्वतःचे काही मिसळायचे नसते. भीतीपोटी कडू शब्द गोड करता येत नाही, लाभापोटी गोड शब्द अधिक गोड करता येत नाही, आणि स्वतःचा मोठेपणा मध्ये घुसडता येत नाही. ज्याची जीभ दोन भाषा बोलते त्याचे मन मात्र एकच असावे लागते. मन दोन झाले की तो दुभाषी उरत नाही, तो दुतोंडी होतो. ख्रिस्ती सेवेची याहून नेमकी व्याख्या आम्हांला आजवर सापडलेली नाही.

आपल्या विश्वासाच्या मुळाशी हीच अपेक्षा आहे. अनुवादाच्या ग्रंथात इस्राएलला दिलेली पहिली आज्ञा देवाची पूजा किती वेळा करावी याविषयी नाही. संपूर्ण अंतःकरणाने, संपूर्ण जिवाने आणि संपूर्ण शक्तीने त्याच्यावर प्रेम करावे याविषयी आहे. शास्त्र्याने थोरली आज्ञा कोणती म्हणून विचारले तेव्हा प्रभू येशूने हीच आज्ञा पुढे केली आणि शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा तिच्याशी जोडून टाकली. संत याकोब आपल्या पत्रात दुमनी माणसाला वाऱ्याने उसळणाऱ्या समुद्राच्या लाटेची उपमा देतो. समुद्र रोज पाहणाऱ्या आपल्या अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळी बांधवांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. सेमिनरीत लॅटिन शिकताना एका शब्दाने आमचे लक्ष वेधून घेतले होते, तो येथे सांगणे अस्थानी होणार नाही. आपण मिस्सात जो मतांगिकार म्हणतो त्याचा लॅटिनमधला पहिला शब्द ‘क्रेदो’. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द आणि आपला संस्कृत ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच प्राचीन मुळाची लेकरे आहेत, आणि दोहोंचा मूळ अर्थ हृदय एखाद्या ठिकाणी ठेवणे असा आहे. म्हणजे श्रद्धा ही प्रथमतः डोक्याने मान्य करण्याची बाब नव्हे. आपले हृदय आपण कोठे ठेवले आहे, हा तिचा प्रश्न आहे. आणि हृदय ही काही वाटणीची जमीन नव्हे, की दोन गुंठे येथे आणि चार गुंठे तेथे ठेवता यावे.

गोन्सालोच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग आजच्या धर्मग्रामांसाठी फार मोलाचा आहे. त्याला हवे ते स्थान मिळाले नाही. आठ वर्षे राबूनही दार उघडले नाही. अशा वेळी माणसाचे मन आंबते. आपल्याकडे गायनमंडळात एकल गीत दुसऱ्याला मिळाले म्हणून गाणे सोडणारे आहेत, पॅरिश कौन्सिलच्या निवडीत नाव आले नाही म्हणून मिस्साला शेजारच्या चर्चमध्ये जाणारे आहेत, आणि सणाच्या वेळी व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही म्हणून वर्षभर देणगी बंद ठेवणारेही आहेत. यात केवळ सामान्यजनच सापडतात असे नाही. बदलीचे पत्र हाती पडल्यावर धर्मगुरूच्या मनातही काय काय उठते हे आम्ही जाणतो. गोन्सालोने जेझुइटांशी वैर धरले नाही, देवाशी अबोला धरला नाही. तो व्यापारी झाला तो चांगला व्यापारी झाला. आणि पुन्हा हाक ऐकू आली तेव्हा आपल्याला आता अधिक वरची जागा हवी, असे त्याने म्हटले नाही. सर्वांत खालची जागा त्याने घेतली आणि ती पूर्ण मनाने घेतली. पुढे नागासाकीच्या टेकडीवर उभारलेल्या २६ क्रूसांपैकी तीन क्रूस जेझुइटांचे होते. ज्या संघाने त्याला आत घेतले नाही, त्याच संघाचे बांधव त्याच्या सोबतीने मरण पावले. स्थान आणि समर्पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला याहून बोलके चित्र कोणते?

वकिलातीनंतर या बंधूंना क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी तेथे एक लहान चर्च बांधले आणि गरिबांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. परक्या भूमीवरून आलेल्या, भाषा नीट न येणाऱ्या धर्मगुरूंच्या भोवती रुग्ण, याचक, अधिकारी आणि शेजारी जमत. त्या गर्दीत दुभाष्याला विसावा कोठून असणार? दुखते कोठे, भीती कशाची, घरी कोण आहे, हे विचारायचे आणि उत्तर दुसऱ्या भाषेत सांगायचे. या वर्षांविषयी इतिहास फारसे बोलत नाही. इतिहासाला दरबार आणि वधस्तंभ आवडतात. परंतु संत घडतात ते अशा न लिहिलेल्या दिवसांतून.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त होऊ लागला तेव्हा त्या जहाजाच्या सुकाणूवाल्याने आपल्या राजाच्या साम्राज्याची बढाई मारली आणि आधी धर्मप्रसारक येतात व मागून सैन्य येते असा अर्थ निघेल असे काही तो बोलून गेला, असे सांगतात. आधीच साशंक असलेल्या हिदेयोशीने क्योतो-ओसाकातील बंधूंना पकडण्याचा हुकूम दिला. एका उन्मत्त जिभेने जे बिघडविले त्याची किंमत एका प्रामाणिक जिभेला मोजावी लागली. जानेवारी १५९७ मध्ये त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून शहरातून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात शेकडो मैलांची वाट तुडवीत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. निघताना ते २४ होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा होता. सर्वांत आधी क्रूसावर चढविला गेला तो गोन्सालो, असे परंपरा सांगते. ८ जून १८६२ रोजी नववे पोप पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

वाचकहो, ही कथा येथे संपली असती तर ती केवळ शौर्याची कथा ठरली असती. तिचा पुढचा भाग आपल्या घरांशी अधिक निगडित आहे. १६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. पुढे धर्मगुरू उरले नाहीत, चर्च उरली नाहीत, पवित्र ग्रंथ उरले नाहीत. बाहेरच्या जगाने समजून घेतले की तेथील ख्रिस्तसभा संपली. सुमारे अडीचशे वर्षांनी नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी लोकांसाठी एक चर्च उभे राहिले आणि ते याच २६ हुतात्म्यांच्या नावाने अर्पण करण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातील काही गरीब माणसे त्या चर्चच्या दाराशी आली. फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता त्यांच्यापैकी एक स्त्री जवळ आली आणि तिने हळूच त्यांना सांगितले की आम्हा सर्वांचे आणि आपले मन एकच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. सात पिढ्या धर्मगुरूवाचून या लोकांनी विश्वास जपला होता. बाप्तिस्मा आपापसांत दिला, प्रार्थना तोंडी शिकविल्या, सण मनात मोजून पाळले. लॅटिन-पोर्तुगीज शब्द तोंडातोंडी झिजून ओळखू येईनासे झाले होते. परंतु मन झिजले नव्हते.

हे काम कोणी केले? आईबापांनी केले. प्रत्येक घरात कोणीतरी दुभाषी होता. देवाचे बोल मुलाच्या भाषेत आणि मुलाचे बोल देवाच्या कानी पोहोचविणारा. तो अर्ध्या मनाचा असता तर सात पिढ्या सोडाच, एका पिढीतच दिवा विझला असता.

आता आपल्या वसई-विरारकडे वळू. आपल्या घराघरांतून आज तीन भाषा नांदतात. आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलीत देवाला हाक मारते, आईवडील मराठीत प्रार्थना करतात आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी नातवंडे ‘अवर फादर’ म्हणतात. तिन्हीसांजेला जपमाळेसाठी घर एकत्र बसले तर एकाच माळेचे मणी तीन भाषांतून सरकतात. यात खेद करण्यासारखे काही नाही, कारण पवित्र आत्म्याने पहिल्याच दिवशी अनेक भाषा बोलून दाखविल्या आहेत. भीती भाषांची नाही. भीती आहे ती मध्ये उभ्या असलेल्या पिढीचे मन दुभंगण्याची. आजीचा विश्वास नातवापर्यंत पोहोचायचा तर तो आईबापांच्या मनातूनच जावा लागतो. ते मन संपूर्ण असेल तर आजीची बोली न कळणाऱ्या नातवालाही आजीचा देव कळतो. ते मन अर्धे असेल तर एकाच भाषेच्या घरातही निरोप पोहोचत नाही.

नको असलेल्या माणसाचा फोन आला की आपण मुलाला खूण करतो आणि ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगायला लावतो. त्या मुलाला आपण दुभाषी नेमतो, पण असत्याचा. बाप रविवारी पहिल्या बाकावर गुडघे टेकतो आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा सख्खा भाऊ असतो. दोघेही अपराधांच्या क्षमेची प्रार्थना एकाच सुरात म्हणतात आणि सोमवारी सातबाऱ्याच्या वादात दोन वकिलांमागे उभे राहतात. वसईच्या जमिनीला भाव आला तेव्हापासून असे किती बाक दुभंगले आहेत, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. मुले हे सारे पाहतात. आपण तोंडाने जे सांगतो त्याचे ती आपल्या वागण्यातून भाषांतर करून घेतात, आणि त्यांचे भाषांतर बहुधा अचूक असते. पुढे हीच मुले दृढीकरणानंतर चर्चमध्ये दिसेनाशी झाली की आपण मोबाईलला दोष देतो.

याच्या उलट बाजूही आम्ही पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात आजाऱ्यांना भेटत असताना पूर्वेकडील पाड्यावरून आलेली एक वारली माता तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेली दिसली. तरुण डॉक्टर परप्रांतातील होते; त्यांची हिंदी तिला कळेना आणि तिची बोली त्यांना. आपल्याच समाजातील एक परिचारिका, जिची पाळी संपून गेली होती, ती पिशवी खांद्याला अडकवून निघता निघता थांबली आणि बाईच्या शेजारी जमिनीवर बसली. मुलाला आधी पाड्यावरच्या भगताकडे नेले होते हे सांगायला ती माता घाबरत होती. परिचारिकेने तिच्यावर राग काढला नाही आणि डॉक्टरांपासून काही लपविलेही नाही. जे होते तेवढेच आणि तसेच सांगितले. आणि डॉक्टरांचे कठोर बोल त्या मातेला सांगताना तिचा हात हातात धरला. पाऊण तास गेला. आम्ही तिची विचारपूस केली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “फादर, साडेतीनची गाडी गेली, आता पुढची पकडीन.” त्या दिवशी तिने कोणतेही प्रवचन दिले नाही, परंतु तिने केलेली सेवा आणि १५९४-९५ च्या सुमारास क्योतोच्या रुग्णालयात झालेली सेवा यांत आम्हांला काही अंतर दिसले नाही.

देवाचे बोल माणसांच्या भाषेत आणण्याचे हे काम मराठी भूमीत दीर्घकाळ चालत आले आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथल्या लोकांची भाषा त्यांनी अशी आपलीशी केली की १६१६ साली रायतूरला छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आगमन आणि ग्रंथ यांमध्ये ३७ वर्षांचे अंतर आहे, हे लक्षात घ्यावे. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, परंतु केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांचा भार वाहत असतानाच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले तोपर्यंत हे काम त्यांच्या हातून सुटले नव्हते. आणि आपले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्याला सोडून गेले. ‘सुवार्ता’चे संपादन, वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी उभारलेला लढा, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे सारे लोकांच्या स्मरणात आहे. परंतु आमच्या मते त्यांच्या समर्पणाचे खरे माप ‘सुबोध बायबल’ या ग्रंथात आहे. लढ्याला मोर्चा असतो, संमेलनाला मंडप असतो; भाषांतरासमोर केवळ मेज, दिवा आणि उद्याचे पान असते.

भाषांतर केवळ शब्दांचेच असते असेही नाही. १९१८ साली मोन्सिनिओर पी. जे. मोनिस यांनी पापडी येथे कॅथलिक पतपेढी सुरू केली, जिची आज बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली आहे. शेजाऱ्यावरील प्रेमाच्या आज्ञेचे त्यांनी हिशेबाच्या वहीत भाषांतर केले. कर्जाचा अर्ज, जामीनदाराची सही, पैशापैशाचा ताळमेळ, यांत भक्तिभाव कोणाला दिसतो? परंतु लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने वेळेवर आणि वाजवी व्याजाने मिळालेले कर्ज हेच त्या आठवड्याचे शुभवर्तमान असते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. संपूर्ण मनाने म्हणजे संपूर्ण वेळ, असा अर्थ कोणी घेऊ नये. काही सेवाभावी माणसे चर्चच्या सर्व समित्यांवर असतात आणि त्यांच्या घरी आजारी आई एकटी असते. हे समर्पण नव्हे, हीही मनाची फाळणीच आहे. केवळ तिची बाजू बदललेली आहे. विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची प्रभूने प्रशंसा केली ती रकमेसाठी नाही. ज्या मातेला दिवसभरात दहाच मिनिटे मोकळी मिळतात तिने ती दहा मिनिटे पूर्ण दिली तर तिचे दान संपूर्ण आहे. तसेच, संपूर्ण मन म्हणजे सतत तापलेले मन नव्हे. प्रभू येशू स्वतः गर्दी सोडून पहाटे एकांतात जात असे. जो ऐकत नाही त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि दुभाष्याने तर आधी ऐकलेच पाहिजे. प्रार्थनेवाचून केलेली सेवा म्हणजे मूळ वाक्य न ऐकता केलेले भाषांतर होय. त्यात शब्द पुष्कळ असतात, निरोप नसतो.

आपल्या धर्मग्रामांत आज सेवकांची उणीव भासू लागली आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीत केस पिकलेली मंडळी दिसतात, धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक शोधावे लागतात, आणि आजाऱ्यांकडे पवित्र कम्युनियन घेऊन जाणारे पाय थकत चालले आहेत. पहाटेची लोकल आणि रात्रीची लोकल यांत तरुणांचा दिवस संपतो, हे आम्ही जाणतो. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. दहा कामांची नावे घेऊ नका, एकच घ्या. एक वाचन, एक आजारी शेजारी, एक धर्मशिक्षणाचा वर्ग, किंवा घरातील एकाच म्हाताऱ्या माणसाजवळ रोजचे पंधरा मिनिटे बसणे. परंतु ते घेतल्यावर त्यात आपले काही राखून ठेवू नका. जे वाचायचे ते आदल्या रात्री समजून घ्या. ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे पाऊस असला तरी जा. ज्याचे ऐकायचे त्याचे शेवटच्या शब्दापर्यंत ऐका.

संत गोन्सालोला हिदेयोशीच्या दरबारात काय बोलायचे ते ठरविण्याचा अधिकार नव्हता आणि नागासाकीला मरायचे की नाही हेही त्याने ठरविले नाही. त्याच्या हाती एवढेच होते की दिलेला निरोप प्रामाणिकपणे पोहोचवावा आणि ज्यांचा निरोप आपण पोहोचविला त्यांना संकटात सोडून जाऊ नये. तेवढे त्याने केले. आपल्याही हाती बहुधा तेवढेच असते. आपल्या घरातील लहान मूल आज रात्री झोपण्यापूर्वी देवाविषयी काहीतरी विचारील. त्या वेळी हातातील काम खाली ठेवून आपण त्याला पूर्ण मनाने उत्तर द्यावे.